आडरस्त्यांचा हिशेब

रस्ता रुंद झाला की गावे जवळ येतात, असा एक सार्वत्रिक समज आहे आणि तो पुष्कळ अंशी खराही आहे. अकोल्याहून वाशीम, हिंगोली, कळमनुरीवरून वारंगा फाट्याकडे येणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ चौपदरी झाला आणि आखाडा बाळापूरसारख्या बाजारपेठेच्या गावाला नांदेड शहर वेळेच्या हिशेबाने पूर्वीपेक्षा जवळचे झाले. अडल्यानडल्या रुग्णाला शहरातील दवाखाना लवकर गाठता येतो, हळदीची पोती बाजारात लवकर पोचतात, विद्यापीठात कागदपत्रे घेऊन गेलेला विद्यार्थी दिवेलागणीच्या आत घरी परततो. हे लाभ लहान नाहीत. ज्या मराठवाड्याने पक्क्या रस्त्यांसाठी आणि रुंद लोहमार्गासाठी वर्षानुवर्षे अर्ज केले, मोर्चे काढले, त्याने चांगल्या रस्त्याला नाके मुरडावीत असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही.

परंतु याच रस्त्याने काही अंतरे वाढविलीही आहेत, ही गोष्ट सहसा बोलली जात नाही. जिची शाळा महामार्गाच्या पलीकडे आहे आणि जिच्याजवळ सायकलीखेरीज दुसरे वाहन नाही, अशा मुलीसाठी तीन किलोमीटरवरची शाळा आता अधिक दूर गेली आहे. रस्ता ओलांडायचा तर दुभाजकातील मोकळी जागा शोधावी लागते आणि कडेकडेने जायचे तर जीव मुठीत धरावा लागतो. २०२२ साली देशातील रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ६१ हजारांहून अधिक राष्ट्रीय महामार्गांवर गेली. देशातील रस्त्यांच्या एकूण लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास आहे, मृत्यूंत मात्र तो एक तृतीयांशाहून अधिक आहे. वेगाची ही किंमत कोणाकडून वसूल होते, हे वेगळे सांगावयास नको.

सायकलीचा प्रश्न महामार्गावर सुटणारा नाही, हे मान्य करूनच पुढचा विचार करावा लागेल. तो सुटला तर आडरस्त्यांवर सुटेल. लांब पल्ल्याची आणि भरधाव वाहने महामार्गाने आपल्याकडे ओढून घेतल्यामुळे गावागावांना जोडणारे जुने अरुंद रस्ते काही प्रमाणात मोकळे झाले आहेत. सकाळच्या वेळी अशा रस्त्यावर दोन-चार मोटारसायकली, एखादी बैलगाडी, दुधाचे कॅन घेऊन निघालेला एखादा शेतकरी आणि फार तर एसटीची एक गाडी, एवढीच वर्दळ असते. ही शांतता म्हणजे एक सार्वजनिक संपत्ती आहे. तिला बाजारभाव नसल्यामुळे ती कोणाच्याही हिशेबवहीत जमा धरली जात नाही आणि म्हणूनच ती गेली तरी कोणाला तोटा झाल्यासारखे वाटत नाही.

वाटांच्या कडेचा इतिहास

आखाडा बाळापूरच्या भोवतालचा मुलूख नकाशावर मागासलेला म्हणून रंगविला जातो. इतिहासाच्या नकाशावर मात्र त्याची जागा फार निराळी आहे. नरसीवरून हिंगोलीकडे येणारी कयाधू पुढे कळमनुरी तालुक्यातून वाहत पैनगंगेला मिळते. नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव. त्याच टापूत औंढ्याचे नागनाथाचे देवालय, जेथे विसोबा खेचरांनी नामदेवांना गुरूपदेश केला अशी श्रद्धा आहे. नामदेव पुढे पंजाबात गेले आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. आणि ज्या नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली त्या ग्रंथालाच गुरूपद दिले, ते नांदेड नरसीपासून सायकलीने दोन दिवसांच्या आत गाठता येते. ज्याचा शब्द ग्रंथात गेला त्याचे गाव एका टोकाला आणि तो ग्रंथ जेथे गुरू झाला ते नगर दुसऱ्या टोकाला. या दोहोंच्या दरम्यान आखाडा बाळापूर आहे. महाराष्ट्र आणि पंजाब यांना जोडणारा हा धागा चाळीस-पन्नास कोसांच्या मुलखात सापडावा, हे भाग्य किती प्रदेशांना लाभले असेल?

अर्वाचीन इतिहासही या वाटांना परका नाही. निजामी राजवटीत हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. पैनगंगा ही निजामाचे राज्य आणि वऱ्हाड यांच्यामधील सीमा होती आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामात नदीपलीकडील उमरखेडला मुक्तिसैनिकांचा तळ होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत या भागातील माणसाला नदी ओलांडणे म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणे होते.

याहून जवळचा आणि तरीही विस्मरणात गेलेला इतिहास आहे तो खुद्द रस्त्यांचा. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात लक्षावधी माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, मातीकाम करणे, पाट्या वाहणे, मुकादमाच्या हजेरीपटावर अंगठा उठविणे आणि सुकडीवर दिवस काढणे, हे त्या वर्षाचे जीवन होते. या कामांवर स्त्रियांची संख्या फार मोठी होती. वि. स. पागे यांच्या चिंतनातून आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अंमलात आला. पुढे कित्येक गावांचे रस्ते याच योजनेतून झाले. मराठवाड्यातील आडरस्ते म्हणजे उपाशी माणसांच्या श्रमाचे साठवण आहे. ज्यांनी डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहिल्या, त्या बायकांच्या नाती आज अशाच रस्त्यांनी शाळेत जातात. हा वारसा देवळांच्या शिळांइतकाच आदरणीय मानावयास हरकत नसावी.

हा सारा प्रदेश पाहावयाचा तर तो सायकलीवरूनच. पायी चालणाऱ्याला एका दिवसात फार दूर जाता येत नाही आणि मोटारीत बसलेल्याला काच व वेग यांमुळे काहीच दिसत नाही. ताशी बारा-पंधरा किलोमीटरच्या गतीत काळी जमीन, केळीच्या बागा, उसाचे फड आणि नदीचा उतार डोळ्यांत भरतो. फाल्गुनात पळस फुलतो आणि हळद शिजविण्याच्या कढयांचा वास रस्त्यापर्यंत येतो. नवरात्रापासून होळीपर्यंतचे दिवस यासाठी उत्तम. वैशाखात मात्र या मुलखात उन्हाच्या आधी परतणेच शहाणपणाचे.

सायकलीचे दिवस

एके काळी सायकल ही प्रतिष्ठेची वस्तू होती. घड्याळ, सायकल आणि रेडिओ यांचा उल्लेख लग्नाच्या बोलणीत होत असे. मास्तर सायकलीवर शाळेला जात, ग्रामसेवक आणि पोस्टमन सायकलीवर गावे फिरत आणि विद्यार्थी तासाच्या भाड्याने सायकल घेऊन ती चालवावयास शिकत. नगरपालिका सायकलीवर बिल्ला लावून कर घेत आणि दिवा नसलेल्या सायकलस्वाराला पोलीस अडवीत. त्या काळच्या रस्त्यांवर सायकल हे वाहन म्हणून गणले जात होते, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

पुढे मोटारसायकली आल्या आणि सायकल गरिबीची खूण ठरली. तरीही २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. मोटारसायकल वा स्कूटर २१ टक्के कुटुंबांकडे, तर मोटारगाडी ५ टक्क्यांहूनही कमी कुटुंबांकडे होती. त्यानंतरच्या काळात दुचाकी स्वयंचलित वाहने झपाट्याने वाढली हे खरे. पण त्यांचा भार कोणाच्या खिशावर पडतो? गावापासून सहा किलोमीटरवरच्या महाविद्यालयात मोटारसायकलीने जाणारा विद्यार्थी रोज बारा किलोमीटर फिरतो. लिटरला पन्नास किलोमीटर आणि पेट्रोलचा भाव शंभराच्या थोडा वर धरला, तर दिवसाला पंचवीस रुपये आणि महिन्याच्या पंचवीस दिवसांना सहाशेहून अधिक रुपये होतात. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी दोन मुले शिकत असतील, तर ही रक्कम वर्षाला एखाद्या पिकाच्या बियाणे-खताचा खर्च भागविणारी आहे. सायकल हे अंतर तीस मिनिटांत कापते आणि त्यासाठी भाकरीखेरीज दुसरे इंधन लागत नाही.

मुलींच्या बाबतीत तर हा केवळ काटकसरीचा प्रश्न नाही. बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या योजनेमुळे माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगे-मुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी घटली, असे दिसून आले. ज्या गावांपासून शाळा तीन किलोमीटर किंवा अधिक दूर होती, तेथे हा परिणाम विशेष होता. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या, कारण अक्षरांइतकीच हालचालीची मोकळीक महत्त्वाची आहे हे तेथील चळवळीने ओळखले होते. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या गेल्या. सायकलीवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सायकल देण्याची आणि ती स्वस्त करण्याची बुद्धी सरकारला झाली, हे चांगलेच झाले. प्रश्न एवढाच उरतो की, ती चालवायची कोठे?

मोजमापातच चूक

रस्त्यावर पैसा खर्च करण्यापूर्वी सरकारी खाते वाहनांची गणती करते. सर्व वाहने एकाच मापात आणण्यासाठी ‘प्रवासी मोटार एकक’ नावाचे परिमाण वापरले जाते. भारतीय रस्ते महासभेच्या १९९० च्या ग्रामीण रस्त्यांविषयीच्या मार्गदर्शिकेत मोटारीला एक, सायकलीला अर्धा आणि मोठ्या बैलगाडीला आठ एकके दिलेली आहेत. बैलगाडीला आठ गुण मिळाले म्हणून शेतकऱ्याने आनंदून जाऊ नये. हे गुण उपयुक्ततेचे नाहीत, अडथळ्याचे आहेत. मोटारीची वाट कोण किती अडवितो, हे त्या आकड्यांवरून कळते. रस्ता मोटारीसाठी आहे आणि बाकीचे सारे त्यावरचे विघ्न आहे, हे गृहीत त्या मापाच्या पोटातच दडलेले आहे.

अभियंत्यांना दोष देण्यात अर्थ नाही. रस्त्याची वहनक्षमता मोजण्यासाठी असे माप लागतेच. चूक होते ती हेच माप रस्त्याचे मोल ठरविण्यासाठी वापरले जाते तेव्हा. ज्या रस्त्यावरून दिवसाला चाळीस मुली शाळेत जातात, त्या रस्त्याचे मोल या हिशेबाने वीस मोटारींइतके ठरते. त्या चाळीसपैकी किती जणी रस्त्याच्या भीतीने दहावीपूर्वीच घरी बसल्या, हे तर कोणत्याच तक्त्यात येत नाही. जे मोजले जात नाही त्यासाठी तरतूद होत नाही, हा अर्थसंकल्पाचा जुना नियम आहे.

शांततेचे दोन प्रकार

येथे एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. आडरस्त्यांची शांतता हे शहरी माणसाचे कौतुक आहे, असे गावकरी म्हणतील. रविवारच्या पहाटे हेल्मेट चढवून, गिअरची सायकल घेऊन निघालेल्या नोकरदाराला निर्जन रस्ता रमणीय वाटतो. गावात राहणाऱ्याला मात्र त्याच निर्जनतेत न आलेली एसटी, बंद पडलेली शाळा आणि ऊसतोडीला गेलेली बिऱ्हाडे दिसतात. २०२१-२२ च्या प्रदीर्घ एसटी संपाच्या महिन्यांत आडवळणाच्या गावांनी काय भोगले, ते त्यांनाच ठाऊक. अशा गावाला ‘तुमचा रस्ता अरुंदच राहू द्या, तो फार सुंदर आहे’ असे सांगणे हा उद्दामपणा ठरेल.

आक्षेप बरोबर आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष बरोबर नाही. शांतता दोन प्रकारची असते. एक उपेक्षेची आणि दुसरी व्यवस्थेची. रस्ता उखडला, पूल वाहून गेला, बस बंद झाली, म्हणून वर्दळ थांबली, ही उपेक्षेची शांतता होय. ती कोणालाही नको. रस्ता गुळगुळीत आहे, एसटी वेळेवर येते, रुग्णवाहिकेला वाट आहे आणि तरीही भरधाव व अवजड वाहनांना तेथून जाण्याची मुभा नाही, ही व्यवस्थेची शांतता होय. ती शाळकरी मुलीला हवी आहे, म्हाताऱ्याला हवी आहे, गुरे घेऊन निघालेल्या गुराख्याला हवी आहे. रविवारच्या सायकलस्वाराला तिचा लाभ झाला तर तो आनुषंगिक मानावा. तो गावात थांबून चहा घेईल, केळी विकत घेईल, नरसीला वा औंढ्याला दर्शनास जाईल. चार पैसे गावात येतील, पण व्यवस्था त्याच्यासाठी उभारावयाची नाही.

सायकलीला अनुकूल रस्ते ही युरोपीयांची जन्मजात देणगी आहे, असाही एक समज आहे. तो खोटा आहे. नेदरलँड्समध्ये १९५० आणि १९६० च्या दशकांत मोटारींनी सायकलींना रस्त्याबाहेर ढकलले होते. १९७१ साली तेथे रस्ते अपघातांत चारशेहून अधिक बालके गेली, तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईत मोटारीविना रविवार पाळले गेले आणि त्यानंतर सरकारचे धोरण बदलले. इंग्लंडने २००० सालच्या वाहतूक कायद्यात ग्रामीण भागातील काही रस्त्यांना ‘शांत वाटा’ म्हणून घोषित करण्याची तरतूद केली. दोन्ही देशांत रस्ते बदलले ते लोकांनी आग्रह धरला म्हणून, हवामानामुळे किंवा स्वभावामुळे नव्हे.

करावयाचे काय?

यासाठी नवे कायदे लागत नाहीत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यावर विशिष्ट प्रकारच्या वाहनांना बंदी वा निर्बंध घालता येतात आणि कलम ११२ नुसार वेगमर्यादा ठरविता येते. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांत रस्ते, मोऱ्या आणि पूल यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ग्रामसभेने ठराव करावा, पंचायत समितीने तो पुढे पाठवावा आणि जिल्हा प्रशासनाने शाळेच्या वेळांत वाळूचे व मुरमाचे टिप्पर, तसेच गळिताच्या हंगामात उसाच्या जोडट्रॉल्या आडरस्त्यांवरून जाऊ देऊ नयेत, इतके तरी आज करता येण्यासारखे आहे. अडचण येईल ती कायद्याची नाही. टिप्पर कोणाचे आहेत, या प्रश्नाच्या उत्तराची आहे.

बाकीची कामे किरकोळ खर्चाची आहेत. साइडपट्ट्या मुरूम टाकून सारख्या कराव्यात, कडेच्या बाभळी छाटून काटे उचलावेत, वळणावर व शाळेजवळ गतिरोधक आणि फलक असावेत. रुंदीकरणात तोडलेल्या झाडांच्या जागी कडुनिंब व चिंच लावावी, कारण या प्रदेशात सावलीशिवाय सायकल चालत नाही. महामार्गावर जेथे आडरस्ता येऊन मिळतो, तेथे सायकलीला ओलांडता येईल असा भुयारी मार्ग आणि कडेने अखंड सेवारस्ता मागावा. ही मागणी दयेची नाही, कारण महामार्गासाठी जमीन याच गावांची गेली आहे.

आणखी एक काम शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी करण्यासारखे आहे. आपल्या गावाच्या रस्त्यावरून सकाळी सात ते अकरा या वेळेत कोण जाते, याची एक आठवडाभर गणती करावी. मोटारी किती, टिप्पर किती, सायकली किती, पायी चालणारी मुले किती, त्यांत मुली किती, आणि ज्या येत नाहीत त्या का येत नाहीत, हेही लिहून काढावे. अर्थशास्त्राच्या वा भूगोलाच्या वर्गाला याहून चांगला प्रकल्प मिळणार नाही. असे तक्ते ग्रामसभेपुढे ठेवले गेले, तर रस्त्यावर कोणाचा किती हक्क आहे ही चर्चा आकड्यांच्या आधारे होईल. आज ती ज्याचे वाहन मोठे त्याच्या आवाजात होते.

१९७२ साली ज्यांनी हे रस्ते घडविले, त्यांच्यापैकी फार थोड्यांना त्यावरून वाहन चालविता आले. त्यांच्या नातींना सायकल मिळाली आहे. ती त्या रस्त्यावरून निर्धास्तपणे शाळेपर्यंत पोचावी, एवढे करण्याची ऐपत जिल्हा परिषदेत आहे, ग्रामपंचायतीत आहे आणि गावातही आहे. आधी तो हिशेब तरी मांडला जावा.